वजनाचा काटा, कंबरेची पट्टी आणि दाचिंगची गोष्ट



आजचा विषय बचत गटाच्या बैठकीत हल्ली हमखास निघतो. बचत गोळा होते, वह्या भरून होतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, वजन कमी करायला काय करावं?" लगेच प्रत्येकीकडून एकेक उपाय येतो. कुणी रात्रीचं जेवण सोडलेलं असतं, कुणी कोमट पाण्यात लिंबू-मध घेत असतं, कुणाच्या भावजयीने डब्यातली पावडर आणलेली असते. त्या डब्याच्या किमतीत शेळीचं करडू येईल. तरीही पावडरीसाठी गटातून कर्ज काढायची तयारी असते.

कर्ज देताना आपण काय विचारतो? पैसे कशाला हवेत, परत कसे येणार, आधीचा हिशोब काय म्हणतो. तब्येतीच्या सल्ल्यालाही असेच प्रश्न विचारायला हवेत. हे कुणी करून बघितलं? किती जणांनी? किती वर्षं? आणि ज्यांनी केलं नाही त्यांचं काय झालं? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवं खत वापरून बघताना शहाणा शेतकरी एक वाफा खताशिवाय ठेवतो. तसं केलं नाही तर पीक खताने आलं की पावसाने, हे कळणार कसं? माणसांच्या बाबतीतही असे खताचे आणि बिनखताचे वाफे करून बघितले गेले आहेत. त्यांचा इतिहास आज तुम्हाला सांगते.

सुरुवात लंडनच्या बसपासून करू. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिकडे हृदयविकाराने माणसं दगावण्याचं प्रमाण फार वाढलं होतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना याचं कारण शोधायचं होतं. त्यांनी लंडनच्या परिवहन सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या. बस दुमजली होत्या, आपल्या मुंबईत होत्या तशाच. एकाच बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. पगार, वस्ती, राहणीमान जवळपास सारखंच. तरी कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो उशिरा आणि कमी घातक. हे निष्कर्ष १९५३ साली छापून आले.

लोकांनी शंका काढली की आधीपासून जाड असलेलीच माणसं ड्रायव्हर होत असतील. शंका रास्त होती. मग मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी कर्मचाऱ्यांना शिवून दिलेल्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कंबरेची मापं पाहिली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी होती. पण पुढच्या अभ्यासात दिसलं की सडपातळ ड्रायव्हरापेक्षा सडपातळ कंडक्टर बरा होता आणि जाड ड्रायव्हरापेक्षा जाड कंडक्टरही बरा होता. म्हणजे जाडी काहीही असो, पाय चालले की हृदयाला फायदा होतो. मॉरिस स्वतःही नेमाने व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले.

यातून आपल्यासाठी एक गोष्ट निघते. कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते, त्यांचा व्यायाम त्यांच्या कामातच होता. त्यामुळे "आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" असं कुणी म्हणाली तर तिचं खरं आहे. खुरपणी, काढणी, पाण्याच्या घागरी, हे सगळं मोजलं जातं. पण मागच्या तीस-चाळीस वर्षांत काय काय बदललं तेही पाहू. जात्याच्या जागी गिरणी आली, पाट्याच्या जागी मिक्सर आला, विहिरीच्या जागी नळ आला, पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली. हे झालं ते उत्तमच झालं. आपल्या आज्यांच्या पाठी त्या कामाने मोडल्या होत्या, ते कष्ट परत आणा असं कुणी म्हणणार नाही. फक्त एवढंच की काम कमी झालं आणि ताट तेवढंच राहिलं. उलट त्यात साखर, तेल, पाव आणि पुड्यातलं तळण वाढलं. सुगी संपली की पुढचे कित्येक महिने बऱ्याच जणी बसून असतात.

आता उपाशी राहण्याचा प्रश्न घेऊ. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्याला शिकायचं होतं. त्या तरुणांनी युद्धावर जायला नकार दिला होता आणि ते स्वखुशीने प्रयोगात आले होते. २४ आठवडे त्यांना जवळपास निम्मं अन्न दिलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. पण त्याबरोबर अंगातली ताकद गेली, थंडी वाजू लागली, चिडचिड आणि उदासी आली आणि मनात रात्रंदिवस अन्नाचाच विचार राहिला. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक भागेना. परत आलेल्या वजनात चरबी आधी भरून आली आणि स्नायू मागे राहिले.

ही माणसं मुळात लठ्ठ नव्हती, म्हणून हा प्रयोग जसाच्या तसा सगळ्यांना लावता येणार नाही. तरी एवढं त्यातून स्पष्ट दिसतं की अंगावर एकदम उपासमार आणली की शरीर दुष्काळ पडला असं समजतं, आणि अन्न मिळताच आधी चरबीची कोठी भरतं. पंधरा दिवस जेवण तोडून उतरवलेले चार किलो दिवाळीत पाच होऊन परत येतात, ते यामुळेच. त्यात त्या बाईच्या मनाचा दुबळेपणा नसतो.

मग टिकणारा मार्ग कोणता? यासाठी आपण चीनच्या ईशान्येला, दाचिंग शहरात जाऊ. तिथे १९५९ साली जमिनीत तेल सापडलं आणि त्या तेलावर हे कामगारांचं शहर उभं राहिलं. १९८६ साली डॉक्टर पान शियाओरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३३ दवाखान्यांमधून एक लाख दहा हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. त्यांतून ५७७ माणसं निवडली. त्यांना मधुमेह झालेला नव्हता, पण रक्तातली साखर वाढलेली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर साखर उंबऱ्याशी येऊन उभी होती, घरात शिरली नव्हती.

मग दवाखान्यांचे चार भाग केले, तेही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कुणाच्या मर्जीने नव्हे. एका भागातल्या लोकांना नेहमीची माहिती दिली. हा झाला आपला बिनखताचा वाफा. दुसऱ्या भागाला आहाराचा सल्ला, तिसऱ्याला व्यायामाचा, चौथ्याला दोन्ही. आहार अगदी साधा होता. भाज्या वाढवा, साखर आणि दारू कमी करा. ज्यांचं वजन जास्त होतं त्यांनी ते महिन्याला अर्धा ते एक किलो, इतक्याच गतीने कमी करायचं होतं. महिन्याला अर्धा किलो! एवढ्या हळू उतरणाऱ्या वजनाची जाहिरात कोणता पावडरवाला करेल?

व्यायामाचा हिशोब तर मला फारच आवडला, कारण तो आपल्या घरातलाच वाटतो. रोज एक 'माप' व्यायाम वाढवायचा आणि वय पन्नाशीच्या आत असून हृदयाचा त्रास नसेल तर दोन मापं. एक माप म्हणजे ३० मिनिटं सावकाश चालणं किंवा घराची झाडलोट. किंवा २० मिनिटं भरभर चालणं, सायकल चालवणं किंवा जड कपडे धुणं. किंवा १० मिनिटं जिने चढणं. किंवा ५ मिनिटं दोरीवरच्या उड्या. आणि हे सगळं लोकांना समजावलं छोट्या गटांच्या बैठका घेऊन. पहिला महिना दर आठवड्याला, नंतर तीन महिने महिन्यातून एकदा, मग दर तीन महिन्यांनी. बैठकीला येणं, एकमेकींची विचारपूस करणं आणि पुढच्या वेळी काय केलं ते सांगणं हे तर आपण गटात करतोच.

सहा वर्षांनी हिशोब मांडला. ज्यांना नेहमीची माहिती दिली होती त्यांच्यात दर १०० मागे ६८ जणांना मधुमेह झाला. आहाराच्या गटात ४४, व्यायामाच्या गटात ४१ आणि दोन्ही करणाऱ्यांत ४६. या तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मात्र तिन्ही गट पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे निघाले. दुसरी मोठी गोष्ट अशी की हा फायदा जाड माणसांना झाला तसाच बारीक माणसांनाही झाला.

प्रयोग १९९२ साली संपला, तरी संशोधकांनी त्या माणसांचा माग सोडला नाही. २३ वर्षांनी पाहिलं तेव्हा सल्ला न मिळालेल्या गटातले १०० पैकी ३८ जण मरण पावले होते आणि सल्ला मिळालेल्या गटांतले २८. मरण टळण्याचा हा फायदा मुख्यतः बायकांमध्ये दिसला. ३० वर्षांनी दिसलं की सल्ला मिळालेल्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला, हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले आणि आयुष्य सरासरी साधारण दीड वर्षाने वाढलं. सहा वर्षं पाळलेल्या साध्या सवयी तीस वर्षं कामाला आल्या. एवढा जुना हिशोब फार कमी उपायांचा ठेवलेला आहे.

असे प्रयोग पुढे इतरत्रही झाले. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २००२ साली आला. तिथली माणसं बरीच लठ्ठ होती. त्यांना दोन उद्दिष्टं दिली होती. वजन शेकडा ७ ने कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण शेकडा ५८ ने घटलं. त्याच प्रयोगात मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते शेकडा ३१ ने घटलं होतं. शेकडा ७ म्हणजे किती? ६५ किलोच्या बाईला साडेचार किलो. लग्नातल्या फोटोइतकं बारीक व्हायची गरज नाही.

आपल्या देशात चेन्नईला ५३१ लोकांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २००६ साली आला. तीन वर्षांत नेहमीच्या गटातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, आहार आणि चालणं पाळणाऱ्यांत ३९ जणांना. विशेष म्हणजे या पाळणाऱ्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. दोन महिने चाललीस, गोड कमी केलंस आणि काटा हलला नाही, म्हणून सोडून देऊ नकोस. काटा गप्प असला तरी आत रक्तात काम चाललेलं असतं.

असं का होतं, याचं उत्तर आपल्याच मातीत मिळालं. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या आरोग्याचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी पावणेतीन किलोच्या आत, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावच्या बाळांचं साडेतीन किलो. ही बाळं छोटी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाहेरून बारीक, आतून चरबी.

हेच पुढे मोठ्यांमध्येही दिसतं. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक म्हणजे बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती शेकडा ९, आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१. काट्याने दोघांना सारखंच ठरवलं होतं. म्हणूनच "मी तर काडी पैलवान, मला कसली शुगर?" हे आपल्याकडे खरं धरून चालत नाही. ही चरबी पोटात, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती बसली की साखर जिरवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. यामुळेच भारतीयांसाठी इशाऱ्याची रेघ खाली आणली गेली. बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायचं आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायची.

याच सहा गावांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट शिकवली आणि ती विसरलो तर आजचं हे भाषण नुकसान करेल. ज्या गरोदर बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली होती. ज्यांच्यावर कष्टाचा भार जास्त होता त्यांची बाळं लहान होती. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर पाच बायकांमागे साधारण एक जरुरीपेक्षा बारीक होती आणि साधारण एक जाड. एकाच आळीत, कधी एकाच घरात, दोघी असतात. सासूला पोट कमी करायचं असेल आणि सुनेला दोन घास जास्त हवे असतील. म्हणून सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही.

आता हे सगळं आपल्या बैठकीत कसं आणायचं ते सांगते.

पहिलं, माप. शिवणकामाची पट्टी आणा. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. परकराची नाडी बांधतो ती जागा बहुतेक वेळा खाली असते, तिथे मोजू नका. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ४३ किलोच्या खाली असेल तर तिने वजन अजिबात कमी करायचं नाही, उलट वाढवायचं. ५३ च्या वर असेल तर लक्ष द्यायचं. गरोदर बाईने कंबर मोजू नये आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. आणि काहीच न करता वजन झरझर उतरत असेल तर खूश होऊ नका, दवाखान्यात जा.

दुसरं, चालणं. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. एकटीने बाहेर पडायला संकोच वाटतो, घरचे विचारतात, वाटेवर कुत्री असतात. चार-पाच जणी मिळून निघालात तर यातली निम्मी अडचण संपते. शेतीचं काम जोरात असेल तेव्हा तेच धरा. ते संपलं की चालणं सुरू करा.

तिसरं, ताट. भाकरीला शत्रू करू नका. भाकरी एक कमी करून त्या जागी डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा. स्नायू टिकायला डाळ, अंडं, दूध लागतं आणि ते घरातल्या पुरुषांना वाढून संपता कामा नये. साखरेचा हिशोब वहीत मांडा. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. महिन्याला एकटीची सव्वा किलो साखर फक्त चहातून. आधी दोनाचा एक चमचा करा. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेल्या चकल्या, गोड चहा असेल तर त्याला वजनाचा उपास म्हणू नका. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये.

चौथं, पावडर किंवा चूर्ण विकायला कुणी आलं तर दाचिंगचे प्रश्न विचारा. किती जणांवर करून बघितलं? बिनखताचा वाफा कुठे आहे? घेणं बंद केल्यावर वर्षाने काय झालं? उत्तरात फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला, तर गटाचा पैसा गटातच राहू द्या.

शेवटी आशाताईंच्या फॉर्मबद्दल. तिशी ओलांडलेल्यांसाठी त्या एक फॉर्म भरून घेतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, आणि आई-वडील किंवा भावंडांत कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का. आपल्यातल्या बऱ्याच जणी "भरा काहीतरी" म्हणून मोकळ्या होतात. तसं करू नका. त्या पट्टीमागे लंडनच्या विजारींची मापं आणि पुण्याजवळच्या आयाबायांची बाळंतपणं आहेत, त्या १५० मिनिटांमागे हजारो माणसांची वर्षानुवर्षांची चाल आहे. खरी उत्तरं द्या, मोजू द्या आणि उपकेंद्रात बोलावलं तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तपासणी मोफत आहे आणि साखर उंबऱ्याशी असतानाच कळली तर तिला तिथेच थोपवता येतं.

येत्या बैठकीत बचतीच्या वहीत एक नवं पान करा. प्रत्येकीचं नाव, कंबर आणि आठवड्याची चालण्याची मिनिटं. वजनाचा रकाना नाही ठेवला तरी चालेल. सहा महिन्यांनी ते पान मोठ्याने वाचा.